फर्स्ट इयर बीएएमएसचा अभ्यासगट: सीनियरच्या मदतीने शिकायचं कसं

बारावीपर्यंत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि नीटचे एमसीक्यू. मग बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीला, प्रवेश मिळतो आणि पहिल्याच आठवड्यात सकाळी अष्टांगहृदय या संस्कृत ग्रंथाचा श्लोक, दुपारी डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनचा वास आणि मध्ये कुठेतरी पदार्थविज्ञानातले (फिजिक्स नव्हे, आयुर्वेदाच्या तत्त्वज्ञानाचा विषय) द्रव्य-गुण-कर्म. या गोंधळात बहुतेक जण सीनियरची वही झेरॉक्स करून आणतात आणि अभ्यास सुरू झाला असं समजतात. सीनियरकडून वहीपेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट घेता येते, ती म्हणजे आठवड्यातून दोनदा समोर बसून घेतलेली उजळणी. तिची नीट आखणी कशी करायची ते इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

ही कल्पना काही नवी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शास्त्र पक्कं करण्याचे तीन उपाय सांगितले आहेत: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. तिसरा उपाय म्हणजे त्याच विद्येच्या माणसाशी चर्चा. बहुतेक कॉलेजांत पहिल्या दोन उपायांचं वेळापत्रक असतं, तिसऱ्याचं नसतं. ते तुम्हालाच बनवावं लागतं.

आधी एक गोष्ट पक्की ठरवून टाका. गटात ज्याचं तोंड किंवा हात चालतो तो शिकतो. सीनियर बोलतोय आणि पाच जण माना डोलावताहेत, असं दिसलं की तो अभ्यासगट राहिला नाही, आणखी एक लेक्चर झालं.

१. गट जमवा: पाच ज्युनियर, एक सीनियर

पाचपेक्षा जास्त नको. सात-आठ जण झाले की दोघं मागे बसून मोबाईल बघतात आणि बाकीच्यांना प्रत्येकी पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. तीनपेक्षा कमीही नको, कारण एक जण गावी गेला की सेशन रद्द होतं.

सीनियर म्हणून सेकंड प्रोफचा, म्हणजे कोर्सच्या दुसऱ्या टप्प्यातला, विद्यार्थी सगळ्यात बरा. नुकताच पास झालेला असल्याने कुठे अडायला होतं हे त्याच्या लक्षात असतं. इंटर्न मंडळी ओपीडी, आयपीडी आणि पीजीच्या तयारीत असतात, दोन आठवडे येतात आणि मग दिसत नाहीत. टॉपरच हवा असा हट्ट धरू नका. ज्याला एकदा न समजलेलं नंतर समजलं, तो जास्त चांगलं सांगतो. चरकाने संधायसंभाषेसाठी, म्हणजे मैत्रीच्या चर्चेसाठी, कसा माणूस निवडावा याची यादीच दिली आहे. त्यात ज्ञान आहेच, पण सोबत न रागावणारा, मत्सर न करणारा, कष्ट सोसणारा आणि गोड बोलणारा असंही म्हटलं आहे. सीनियर निवडताना ही यादी शब्दशः वापरायला हरकत नाही.

ज्युनियर मात्र एकाच रूमवरचे घेऊ नका. संस्कृत बरं असलेला एक, बायोलॉजी पक्कं असलेला एक, आणि शक्य झालं तर ऑल इंडिया कोट्यातून आलेला, मराठी नवखी असलेला एक. त्याला समजावताना तुम्हाला हिंदी किंवा इंग्रजीत वाक्य जुळवावं लागतं आणि आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते तिथेच उघडं पडतं.

२. शिक्षकांना सांगा, जागा मिळवा

विषयाच्या एका शिक्षकाला मार्गदर्शक होण्याची विनंती करा. त्यांनी सेशनला बसायची गरज नाही. आठवड्यातून दहा मिनिटं शंकांची वही बघितली तरी पुरे.

जागा डिपार्टमेंटमध्ये, लायब्ररीत किंवा रिकाम्या वर्गात घ्या. हॉस्टेलच्या रूमवर, रात्री, सीनियरच्या बोलावण्यावरून सेशन कधीही नको. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. हेतू कितीही चांगला असला तरी बंद दाराआडची सीनियर-ज्युनियर बैठक दोन्ही बाजूंना अडचणीची ठरते.

जवळ काय हवं:

- विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज: गटातल्यांची नावं, दिवस, वेळ, जागा, आणि हाडं किंवा उपकरणं लागणार असतील तर त्यांची यादी
- हाडांच्या सेटसाठी इश्यू रजिस्टरमधली नोंद. सही करणारा एकच जण ठेवा
- चालू अभ्यासक्रमाची छापील प्रत
- हजेरी आणि विषय लिहायला एक वही, शंकांसाठी दुसरी
- पोस्टकार्डाच्या आकाराची शंभरेक कोरी कार्डं
- संहिता, म्हणजे मूळ ग्रंथ, टीकेसह. गटात एक प्रत असली तरी चालते
- स्केच पेन, मोजपट्टी, स्टेथोस्कोप, बीपीचं मशीन

३. अभ्यासक्रम तपासल्याशिवाय जुन्या नोट्सना हात लावू नका

सगळ्यात जास्त नवखे इथे फसतात. एनसीआयएमचा, म्हणजे राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाचा, अभ्यासक्रम आल्यापासून कोर्सची रचना बदलली आहे. आधी चार प्रोफेशनल (प्रोफ) होते. आता प्रत्येकी १८ महिन्यांचे तीन आणि मग वर्षभराची इंटर्नशिप. विषयांची वाटणी बदलली, संहितेचे अध्याय वर्षांत विभागले गेले. फर्स्ट प्रोफच्या संहिता अध्ययनात अष्टांगहृदय सूत्रस्थानाचे पहिले १५ आणि चरक सूत्रस्थानाचे पहिले १२ अध्याय येतात. झेरॉक्सच्या दुकानात अजूनही विकली जाणारी एखादी 'फुल नोट्स' जुन्या कोर्सची असू शकते.

प्रश्नपत्रिकाही बदलली. सध्या १०० गुणांच्या पेपरात २० एमसीक्यू, प्रत्येकी ५ गुणांचे ८ लघुत्तरी आणि प्रत्येकी १० गुणांचे ४ दीर्घोत्तरी प्रश्न असतात. म्हणून नुसते मोठे प्रश्न पाठ करून चालत नाही.

अभ्यासक्रमात प्रत्येक मुद्द्यापुढे तो आवश्यक आहे, इष्ट आहे की जाणला तर उत्तम असा दर्जा दिलेला असतो. पहिले तीन महिने गटात फक्त 'आवश्यक'वाले मुद्दे घ्या. बाकीचे ज्याने त्याने वाचावेत.

४. सेशन ४५ मिनिटांचं, घड्याळ लावून

पहिली ५ मिनिटं वही-पुस्तक बंद. मागच्या वेळचं जे आठवतं ते प्रत्येकाने कोऱ्या कागदावर लिहायचं. न आठवणं हाच इथला फायदा, कारण काय गळतंय ते कळतं.

पुढची २५ मिनिटं ज्युनियरांची. आलटून पालटून एकाने समजवायचं किंवा करून दाखवायचं, दुसऱ्याने छापील मुद्द्यांची यादी हातात धरून टिक करायचं. सीनियरने या वेळात गप्प बसायचं. हे सीनियरला फार जड जातं. चूक ऐकली की लगेच सुधारावीशी वाटते, पण ज्युनियरला वाक्य पूर्ण करू द्यावं. निम्म्या वेळा तो स्वतःच थांबून चूक पकडतो.

मग १० मिनिटं सीनियरची. काय चुकलं, कुठल्या अध्यायात बघायचं, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे कसं विचारतात. शेवटची ५ मिनिटं शंका वहीत लिहायला आणि प्रत्येकी दोन कार्डं बनवायला. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर आणि संदर्भ: ग्रंथ, स्थान, अध्याय. संदर्भ नसलेलं कार्ड फाडून टाका, ते उद्या भांडणाचं मूळ होतं. कार्डं दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पुन्हा फिरवा.

वेळ संपली की उठायचं. दोन-दोन तास ताणलेला गट महिनाभरात मोडतो.

५. संहिता: पाठांतराआधी अन्वय

क्रम असा ठेवा: एकाने श्लोक मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने संधी सोडवायची, तिसऱ्याने अन्वय लावायचा (शब्द साध्या वाक्याच्या क्रमाने मांडायचे), चौथ्याने मराठीत अर्थ सांगायचा, पाचव्याने टीकेतला एक मुद्दा वाचून आणायचा. पुढच्या श्लोकाला सगळ्यांनी एक घर सरकायचं, नाहीतर संस्कृत येणारा कायम संधीच सोडवत बसतो.

अन्वयाचा आग्रह का, ते अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात दिसतं. 'विकृताऽविकृता देहं घ्नन्ति ते वर्तयन्ति च' ही ओळ नुसती घोकणारा व्हायवात अडखळतो, कारण दोन कर्ते पुढे आणि दोन क्रियापदं मागे आहेत. क्रमाने जोड्या लावल्या की सरळ होतं: विकृत दोष देहाचा नाश करतात, अविकृत दोष देह चालवतात. ज्याला ही जोडणी स्वतः लावता आली, तो पुढे तशीच रचना दिसली की ओळखतो.

टीकेला घाबरू नका. अरुणदत्ताची सर्वांगसुंदरा आधी घ्या, कारण ती शब्द उलगडत जाते. हेमाद्रीची आयुर्वेदरसायन टीका नंतर. (हा तोच देवगिरीच्या यादवांचा हेमाद्रिपंत. देवळांच्या बांधणीमुळे त्याचं नाव घरोघर पोचलं, टीकाकार म्हणून फक्त आपल्याकडे.)

६. रचना शारीर: हाड हातात घेऊनच बोला

रचना शारीर म्हणजे अॅनाटॉमी. आकृती पाठ असणं आणि हाड ओळखणं यांत मोठं अंतर आहे. परीक्षक हाड हातात देतो आणि विचारतो, 'कुठल्या बाजूचं?' म्हणून गटात प्रत्येक हाड याच क्रमाने घ्या: नाव, बाजू, शरीरातल्या स्थितीत धरून दाखवणं, मग खुणा, मग स्नायूंची जोड.

उदाहरणार्थ क्लॅव्हिकल, म्हणजे कॉलरबोन. आतलं टोक जाड, बाहेरचं चपटं. आतला दोन-तृतीयांश भाग पुढच्या बाजूला फुगीर. खालच्या पृष्ठभागावर मध्यभागी खाच. या तीन गोष्टी जुळल्या की बाजू ठरली. बहुतेकांची चूक तिसऱ्या खुणेत होते: खाच वर धरतात आणि उजवं हाड डावं होऊन बसतं. ह्यूमरसचं (दंडाच्या हाडाचं) डोकं आत, वरच्या टोकाची उभी खाच पुढे आणि खालच्या टोकाचा मोठा खळगा मागे. टेबलावर पाच हाडं मांडा, प्रत्येकी चार मिनिटं द्या, घंटी वाजली की पुढचं. परीक्षेतल्या स्पॉटिंगची ही तालीमच असते.

आयुर्वेदाची संख्या आणि आधुनिक संख्या एकाच कार्डावर लिहा. चरकाच्या मते अस्थी ३६०, सुश्रुताच्या मते ३००, आधुनिक मोजणीत प्रौढाची २०६. नुसते आकडे पुरत नाहीत. 'फरक का?' हा पुढचा प्रश्न हमखास येतो. दात, नखं आणि तरुणास्थी (कूर्चा) कोणी कशात धरल्या, ते एका ज्युनियरने वाचून येऊन गटाला समजवायचं काम घ्यावं.

मर्मांचं, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागांचं, गणित गटात पटकन बसतं: चार शाखांत (हातापायांत) ४४, उदरात ३, उरात ९, पाठीत १४, जत्रूच्या (गळ्याच्या बुंध्याच्या) वर ३७, एकूण १०७. जागा दाखवताना मोजमाप ज्याच्या शरीरावर दाखवताय त्याच्या अंगुलाने (बोटाच्या रुंदीने) घ्यायचं, स्वतःच्या नाही. स्केच पेनने खुणा करायच्या तर आधी विचारा, आणि सराव हात, पाय, मान एवढ्यावरच ठेवा. बाकीच्यासाठी डिपार्टमेंटचं मॉडेल आहे.

डिसेक्शन हॉलमध्ये शिक्षकांच्या परवानगीशिवाय गट नेऊ नका. ग्लोव्हज घाला, मोबाईल बाहेर ठेवा. शवाचा फोटो कोणत्याही कारणासाठी काढायचा नाही.

७. क्रिया शारीर: बीपीची यादी

क्रिया शारीर म्हणजे फिजिओलॉजी. प्रात्यक्षिकांत गटाचा सर्वाधिक उपयोग इथे होतो, कारण चूक समोर दिसते. एकाने बीपी घ्यायचं, दुसऱ्याने ही यादी टिक करायची:

- समोरचा ५ मिनिटं शांत बसलाय, पाठीला टेका, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला
- कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर
- मनगटावर नाडी बोटाखाली धरून हवा भरली. नाडी नाहीशी झाल्यावर आणखी ३० मिमी वर नेली
- स्टेथोस्कोप कोपराच्या घडीतल्या ब्रेकियल धमनीवर, कफच्या आत कोंबलेला नाही
- हवा सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने सोडली
- पहिला आवाज आला तो सिस्टोलिक (वरचा आकडा), आवाज पूर्ण थांबला तो डायस्टोलिक (खालचा)
- पुन्हा घेण्याआधी कफ पूर्ण रिकामा करून मिनिटभर थांबला

नाडी न बघता थेट हवा भरणं ही सर्वात मोठी चूक. मध्येच आवाज गायब होणारा पट्टा काही जणांत असतो आणि तिथे सिस्टोलिक कमी मोजलं जातं. दुसरी चूक जर्नलमध्ये सापडते. पारा किंवा काटा असलेल्या मशीनवर खुणा २ मिमीच्या असतात. त्यामुळे '१२१/७९' अशी नोंद दिसली की ती मोजलेली नाही, रचलेली आहे. पाचही जणांचं बरोबर १२०/८० आलं तरी तेच समजा.

नाडीपरीक्षेत सुरुवातीला फक्त दर, नियमितता आणि जोर एवढंच नोंदवा, तेही पूर्ण एक मिनिट मोजून. दोघांनी वेगवेगळं मोजा आणि मगच आकडे दाखवा. 'वाताची नाडी लागली' असं पहिल्या महिन्यात म्हणणारा पुस्तकातलं वाक्य म्हणत असतो.

रक्ताची प्रात्यक्षिकं, म्हणजे हिमोग्लोबिन, रक्तगट, ब्लीडिंग टाइम, गटात करायची नाहीत. ती फक्त लॅबमध्ये, शिक्षकांसमोर. एकच लॅन्सेट (टोचायची सुई) दोघांना वापरणं हा निष्काळजीपणाचा कळस आहे. गटात पायऱ्या तोंडी म्हणा, रिकाम्या पिपेटने हातवारे करा, पुरेसं आहे.

८. सेकंड प्रोफला जाताना गट मोडू नका

द्रव्यगुणात, म्हणजे औषधी द्रव्यांच्या विषयात, कार्डांचा खरा उपयोग कळतो, पण द्रव्यं एकेकटी न घेता जोडीने घ्या. हिरडा आणि आवळा: दोन्हींत लवण सोडून पाच रस, दोन्हींचा विपाक (पचनानंतरचा रस) मधुर, पण हिरडा उष्णवीर्य आणि आवळा शीतवीर्य. पांढरा कुडा आणि काळा कुडा, बला आणि अतिबला, पुनर्नवा आणि तिच्यासारखी दिसणारी खापरी याही अशाच जोड्या. बागेत जाऊन दोन्ही झाडं शेजारी बघितल्याशिवाय कार्ड लिहू नका.

वाळलेली द्रव्यं ओळखताना चव घेऊन बघायची खोड अनेकांना असते. ती गटात पूर्ण बंद. अतिविष आणि बचनाग एकाच कुळातले, दोघांचीही मुळंच औषधात. अतिविष मुलांना देतात, बचनाग विष. कुचला, धोत्रा, जयपाळ, गुंज, बिब्बा यांच्या बाटल्यांवर लाल खूण करा. पारा आणि इतर खनिजं रसशास्त्राच्या लॅबबाहेर येता कामा नयेत.

भैषज्यकल्पनेत, म्हणजे औषधं बनवण्याच्या विषयात, गणितं घाला. स्नेहपाकाचं (औषधी तेल-तूप शिजवण्याचं) सामान्य प्रमाण कल्क (वाटलेला लगदा) १, स्नेह ४, द्रव १६. मग २०० मिली तेलाला किती? कल्क ५० ग्रॅम, द्रव ८०० मिली. सिद्धीची (तयार झाल्याची) लक्षणं विचारताना एक अदलाबदल ठरलेली: तेल सिद्ध होताना फेस येतो, तूप सिद्ध होताना फेस शमतो. दहातले पाच जण उलटं सांगतात.

शल्यतंत्र (सर्जरी) अजून लांब आहे, पण सुश्रुताच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय आताच वाचा. कोहळा आणि भोपळ्यावर छेदन, कापडाच्या कडेवर सीवन, बाहुल्यावर पट्टी बांधणं असा सराव तिथे नेमून दिला आहे. पट्टीचा सराव गटात आजपासून होऊ शकतो.

९. सीनियर चुकला तर?

चुकणारच. म्हणून शंकांची वही. सीनियर आणि ज्युनियरचं पटलं नाही की मतदान घ्यायचं नाही आणि सीनियरचं वजनही चालवायचं नाही. दोन्ही मतं संदर्भासह लिहायची आणि आठवड्याच्या शेवटी शिक्षकांना दाखवायची. एकाच द्रव्याचं वीर्य दोन पुस्तकांत वेगळं सापडतं, तेव्हा उत्तरात ग्रंथाच्या नावासह लिहा. 'मला माहीत नाही, बघून सांगतो' हे वाक्य सीनियरने पहिल्याच सेशनला एकदा मुद्दाम म्हणावं. मग ज्युनियरही म्हणू लागतात.

१०. इथे गट फुटतात

व्हॉट्सअॅप ग्रुप पीडीएफचं गोदाम बनतो. फक्त वेळ आणि जागा कळवण्यापुरता ठेवा.

ज्युनियर सीनियरचं जर्नल उतरवून देऊ लागतो, चित्रं काढून देतो. पहिल्याच वेळी थांबवा. शिकवण्याच्या बदल्यात काहीही नाही, पैसेही नाहीत आणि कामही नाही.

गट आहे म्हणून तासांना दांडी. हजेरीची अट ७५ टक्क्यांची आहे आणि गट लेक्चरची जागा घेत नाही. ज्या विषयाचा तास झाला नाही तो गटात घेऊच नका.

पुढे ओपीडीतल्या केसवर चर्चा सुरू होते, तेव्हा रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि फोटो वहीत येऊ देऊ नका. वय, लिंग, लक्षणं, हेतू (कारण), संप्राप्ती (आजार घडण्याचा क्रम) एवढ्यावर चर्चा होते.

११. परीक्षेआधीचे सहा आठवडे

नवीन विषय बंद. एक सेशन लेखी: ४० मिनिटांत ५ गुणांचे चार प्रश्न, मग वह्या बदलून एकमेकांचे पेपर मुद्द्यांच्या यादीवरून तपासायचे. दुसरं सेशन व्हायवाचं: सीनियर परीक्षक, एक जण समोर, बाकीचे रांगेत. समोरच्याला एका प्रश्नाला २० सेकंदांहून जास्त देऊ नका. शेवटच्या दहा दिवसांत सेशन घेऊ नका. कार्डांचा गठ्ठा पाच जणांत वाटून घ्या आणि दोन-दोन दिवसांनी बदला. परीक्षा संपल्यावर तो गठ्ठा पुढच्या बॅचच्या गटाला द्या, मात्र अभ्यासक्रमाचं वर्ष वरच्या कार्डावर ठळक लिहून.